जीभ, बोटं, पावलं: घरी करायची हालचालींची तपासणी

घरात कुणाला स्किझोफ्रेनियासाठी, बायपोलरसाठी किंवा भास-संशयाच्या आजारासाठी गोळ्या चालू आहेत? मग महिन्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं काढा आणि ही तपासणी करा. हॅलोपेरिडॉल, ट्रायफ्लुओपेराझिन, रिस्पेरिडोन, अमिसल्प्राइड, ओलांझापिन, अरिपिप्राझोल या औषधांनी आजार आटोक्यात येतो, पण काहींच्या तोंडाची, हातापायांची हालचाल बिघडते. क्वेटियापिन आणि क्लोझापिननं हे कमी होतं, तरी तपासणी त्यांच्यासाठीही करा. ओपीडीतल्या गर्दीत डॉक्टरांना जेवढा वेळ मिळतो, त्यात जीभ आणि पावलं नीट बघणं राहून जातं. तुम्ही मात्र रोज समोर असता. डॉक्टर वापरतात त्या ‘एम्स’ नावाच्या तपासणीवरच ही कृती बेतलेली आहे. तुम्हाला ती सहज जमेल, चला.

लागणारं साहित्य: हात नसलेली टणक खुर्ची, वही, पेन, सेकंद दाखवणारं घड्याळ, मोबाइल, औषधांची फाइल आणि चालू गोळ्यांची पाकिटं. खोलीत उजेड भरपूर हवा आणि टीव्ही बंद हवा.

आधीची तयारी

१. सगळ्यात आधी धोक्याची चिन्हं आहेत का ते बघा. मान एका बाजूला वळून तिथेच अडकली आहे, डोळे वर लागले आहेत, दातखिळी बसली आहे, जीभ आत जात नाही, घसा आवळून श्वास घ्यायला त्रास होतो आहे. किंवा ताप आहे, अंग लाकडासारखं ताठ झालं आहे, घाम सुटला आहे आणि बोलणं असंबद्ध झालं आहे. यातलं काहीही दिसलं तर वही बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल गाठा. गाडी नसेल तर १०८ ला फोन लावा. ताप आणि ताठरपणा एकत्र असेल तर डॉक्टरांनी पाहीपर्यंत पुढची गोळी देऊ नका. सावधान: औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर पहिल्या चार-पाच दिवसांत, त्यातही तरुण मुलांमध्ये, मान वळणं आणि डोळे वर लागणं जास्त दिसतं. अशा वेळी ‘अंगात आलं’, ‘बाहेरचं आहे’ म्हणून नारळ उतरवत बसू नका. योग्य इंजेक्शन मिळालं की साधारण अर्ध्या तासात माणूस मोकळा होतो.

२. असं काही नसेल तर वहीचं नवं पान उघडून वर तारीख आणि वेळ टाका.

३. पाकिटांवरून प्रत्येक औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम उतरवून घ्या. सावधान: फक्त मनाच्या डॉक्टरांची औषधं लिहून थांबू नका. पित्ताच्या, उलटीच्या आणि चक्करच्या गोळ्यांची पाकिटंही उलटून वाचा. त्यांत लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन असेल तर त्याखाली रेघ मारा. या औषधांनीही अगदी अशाच हालचाली होतात, आणि पित्ताची गोळी म्हणून ती कितीतरी घरांत महिनोन्महिने चालू असतात.

४. शेवटचा बदल कधी झाला ते लिहा: कोणती गोळी वाढली, कोणती कमी झाली, पंधरवड्याचं किंवा महिन्याचं इंजेक्शन कुठल्या तारखेला दिलं. सावधान: ‘मागच्या महिन्यात कधीतरी’ असं लिहू नका. चिठ्ठीवरची तारीख बघा.

५. आता त्यांच्याजवळ बसून सरळ सांगा, “गोळ्यांनी हातापायांना काही त्रास होतोय का, ते आपण दोघं मिळून बघू. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.” सावधान: मूड बिघडलेला असेल, घरात भांडण झालं असेल किंवा रात्रभर झोप नसेल, तर आज राहू द्या. ताणात या हालचाली वाढतात, त्यामुळे नोंद चुकते.

६. तोंड रिकामं करून चूळ भरायला सांगा. सावधान: सुपारी, तंबाखू, बडीशेप, गोळी, काहीही गालात असलं तर पुढची सगळी तपासणी वाया जाते, कारण चघळणं कुठलं आणि आपोआप हलणारं तोंड कुठलं, ते कळणारच नाही. लपवलेला तंबाखू हमखास डाव्या-उजव्या गालात सापडतो, तेव्हा प्रेमानं पण स्पष्ट विचारा.

७. दातांची चौकशी करा: कवळी सैल आहे का, दात दुखतो का, हिरडी सुजली आहे का? असेल तसं वहीत लिहा. सैल कवळी जिभेनं सारखी बसवत राहणारी माणसं औषधाच्या त्रासासारखीच दिसतात.

८. चपला आणि मोजे काढायला सांगा. पायाची बोटं दिसली पाहिजेत.

९. त्यांना विचारा, “तोंड, चेहरा, हात, पाय आपोआप हलतात असं तुम्हाला जाणवतं का? त्यामुळे जेवताना, बोलताना, चहाचा कप धरताना अडचण होते का?” उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. सावधान: “नाही” म्हणाले तरी तपासणी सोडू नका. टार्डिव्ह डिस्कायनेशियात, म्हणजे औषध काही महिने-वर्षं घेतल्यावर सुरू होणाऱ्या हालचालींत, ज्याचं तोंड हलतं त्याला ते बरेचदा कळतच नाही. ते आधी लक्षात येतं समोर बसणाऱ्याच्या.

खुर्चीवर बसून

१०. त्यांना खुर्चीवर बसवा: हात गुडघ्यांवर, पाय थोडे फाकलेले, तळवे जमिनीला टेकलेले.

११. तुम्ही समोर बसून दोन मिनिटं नुसतं बघा. वरून खाली या: कपाळ, डोळ्यांची उघडझाप, ओठ, जबडा, खांदे, बोटं, कंबर, पावलं. सावधान: टक लावून, भुवया चढवून बघू नका. हवापाण्याच्या दोन गोष्टी काढा आणि बघत राहा. आपल्यावर नजर आहे हे कळलं की माणूस हालचाल दाबून धरतो.

१२. हात गुडघ्यांवरून काढून दोन्ही पायांच्या मध्ये लोंबकळत सोडायला सांगा. साडी किंवा परकर असेल तर हात गुडघ्यांवरून खाली सैल सोडायला सांगा. बोटं पेटीच्या पट्ट्यांवर फिरल्यासारखी एकेक करून हलतात का, ते बघा.

१३. तोंड उघडायला सांगा आणि जीभ आतच राहू द्या. इथे घाई करू नका, सगळ्या तपासणीत सर्वांत मोलाची हीच जागा आहे. जीभ तळाशी शांत पडलेली दिसायला हवी. ती बाजूंना वळवळते का, मध्येच उंचावते का, कडा लाटेसारख्या हलतात का, हे आठ-दहा सेकंद बघा. तोंड मिटायला सांगा आणि तेच पुन्हा एकदा करा. सावधान: “जीभ हलवू नका” असं अजिबात म्हणू नका. तसं म्हटलं की ते जोर लावून ती दाबून ठेवतील आणि तुम्हाला काहीच दिसणार नाही.

१४. आता जीभ बाहेर काढायला सांगा आणि दहा सेकंद बाहेरच ठेवायला सांगा. हेही दोनदा करा. जीभ बाहेर टिकते, की आपोआप आत ओढली जाते आणि पुन्हा बाहेर येते?

१५. अंगठा त्याच हाताच्या प्रत्येक बोटाला एकामागून एक टेकवायला सांगा. पंधरा सेकंद, जमेल तितक्या भराभर, आधी उजवा हात, मग डावा. आणि आता खरी गंमत: तुम्ही बोटांकडे बघायचंच नाही. बघायचं चेहऱ्याकडे आणि पावलांकडे. त्यांचं लक्ष बोटांत गुंतलं की दाबून ठेवलेली हालचाल बाहेर येते. ओठ चंबूसारखे होतात, जबडा चघळायला लागतो, पायाचा अंगठा वर उचलला जातो. सावधान: यातलं काही दिसलं की लगेच “बघा, बघा!” करू नका. शांतपणे लक्षात ठेवा.

१६. वही-पेन त्यांच्या हातात द्या आणि एक ओळ लिहायला सांगा. नाव, गाव आणि तारीख पुरे. ओळ दर महिन्याला तीच ठेवा. सावधान: अक्षर सुंदर आहे का हे बघायचं नाही. ओळीच्या शेवटी ते बारीक बारीक होत गेलं आहे का आणि रेघ थरथरली आहे का, तेवढं बघा.

उभं राहून

१७. हाताचा टेकू न घेता खुर्चीवरून उठायला सांगा. सावधान: आजीआजोबा असतील किंवा गोळ्यांनी चक्कर येत असेल तर तुम्ही हातभर अंतरावर उभे राहा. उठायला दोन-तीन प्रयत्न लागले तर तसं लिहा.

१८. दोन मिनिटं एका जागी उभं राहायला सांगा आणि पायांकडे बघा. एका पायावरून दुसऱ्या पायावर सारखा भार टाकणं, जागच्या जागी पावलं टाकणं, ‘बसू का, फिरू का’ अशी घालमेल, हे सगळं लिहा.

१९. आता विचारा, “आतून अस्वस्थ वाटतं का? पायांना चैन नसते का? बसलं की उठावंसं, उठलं की चालावंसं वाटतं का?”

या पायरीवर मी थोडं थांबणार आहे, कारण सर्वांत जास्त गफलत इथे होते. या त्रासाला अकॅथिसिया म्हणतात. औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवसांत-आठवड्यांत तो सुरू होतो. माणूस दिवसभर घरात येरझाऱ्या घालतो, जेवणाच्या पानावरून तीनदा उठतो, रात्री अंथरुणात पाय घासत राहतो. घरच्यांना वाटतं आजार उसळला. ते डॉक्टरांना “खूप अस्वस्थ आहे हो” एवढंच सांगतात, औषध वाढतं आणि घालमेल दुप्पट होते. म्हणून अस्वस्थपणा नेमका कुठे आहे ते विचारा. मनात वाईट विचार येतात म्हणून, की पायांत काहीतरी सळसळतं म्हणून? दोन्ही उत्तरं वेगवेगळी लिहा. सावधान: ही घालमेल सहन होईनाशी झाली की जीव देण्याचे विचार येऊ शकतात. तेही थेट विचारा; विचारल्यानं विचार येत नाहीत. “हो” म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. डॉक्टर मिळत नसतील तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो. तिथे फोन करा आणि हॉस्पिटलकडे निघा.

२०. दोन्ही हात समोर लांब करायला सांगा, तळवे जमिनीकडे. बोटं, कंबर, पाय आणि तोंड, चारही ठिकाणी नजर फिरवा.

२१. दारापर्यंत चालत जायला, वळायला आणि परत यायला सांगा. सगळं दोनदा करा. चालताना हात झुलतात का, की अंगाला चिकटल्यासारखे राहतात? पाय उचलले जातात की घासतात? वळायला एक-दोन पावलं लागतात की अनेक छोटी छोटी? सावधान: मधल्या वाटेतली पायपुसणी, स्टूल, चार्जरची वायर आधीच उचला.

नोंद करताना

२२. वहीत सात ओळी पाडा: चेहरा, ओठ, जबडा, जीभ, हात, पाय, कंबर-धड.

२३. प्रत्येक ओळीपुढे ० ते ४ पैकी एक आकडा टाका. काहीच नाही तर ०. आहे की नाही अशी शंका आली तर १. थोडी पण नक्की दिसली तर २. सहज कुणाच्याही नजरेत भरेल अशी असेल तर ३. सारखी चालू आणि फार जोराची असेल तर ४. सावधान: घरातल्या दोघांत एकमत होत नसेल तर आकड्यावरून वाद घालू नका. दोघांचेही आकडे लिहा.

२४. थरथर मात्र वेगळ्या ओळीवर लिहा. एका लयीत होणारा कंप, कोरा चेहरा, गळणारी लाळ, मंद चाल आणि आखडलेलं अंग हा पार्किन्सनसारखा त्रास आहे. त्याचं औषध वेगळं आणि तोंडाच्या चाळवाचाळवीचं वेगळं, म्हणून दोन्ही एकाच आकड्यात मिसळू नका. त्याच्याच खाली लिथियम, व्हॅल्प्रोएट किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर तेही टाका, त्यांच्यामुळेही हात थरथरतात.

२५. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढा: वीस सेकंद चेहरा, वीस सेकंद बोटं टेकवताना पूर्ण अंग, वीस सेकंद चालणं. डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर हालचाल नेमकी दडून बसते, तेव्हा हा व्हिडिओच बोलतो. सावधान: “नको” म्हणाले तर नको. आणि हा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर कधीही टाकायचा नाही. तो फक्त डॉक्टरांसाठी आहे.

२६. त्याच रात्री ते गाढ झोपले की एकदा डोकावून तोंड आणि बोटं बघा. या हालचाली झोपेत सहसा थांबतात. थांबल्या की नाही, ते लिहून ठेवा.

२७. मागच्या महिन्याचं पान उघडून दोन्ही पानं शेजारी ठेवा. पहिलीच वेळ असेल तर ही पायरी सोडा.

डॉक्टरांकडे जाताना

२८. आकडे बघून कधी जायचं ते ठरवा. सगळीकडे ० किंवा १ असेल तर नेहमीच्या तारखेला जा, फक्त वही बरोबर न्या. दोन ठिकाणी २ किंवा एका ठिकाणी ३ आलं असेल तर तारखेची वाट बघू नका, याच आठवड्यात वेळ घ्या. घास गिळताना ठसका लागत असेल, तोल जात असेल किंवा घालमेल वाढली असेल तर उद्याच जा. सावधान: वय साठच्या पुढे असेल, मधुमेह असेल किंवा पूर्वी याच औषधांनी हात थरथरले असतील, तर लहान आकडाही गंभीरपणे घ्या. अशांना हा त्रास लवकर जडतो.

२९. तोपर्यंत गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा. सावधान, आणि हे मी अगदी जीव तोडून सांगते आहे: तोंड हलतं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करू नका. एकदम बंद केली तर मूळ आजार उलटू शकतो, आणि हालचाली कमी होण्याऐवजी काही काळ आणखी वाढू शकतात. पायरी १ मधला ताप आणि ताठरपणा, एवढाच काय तो अपवाद.

३०. घरात पडलेली ट्रायहेक्सिफेनिडिलची, म्हणजे बऱ्याच जणांच्या तोंडी असलेली पॅसिटेनची, गोळी वाढवून देऊ नका. थरथर, ताठरपणा आणि वळलेली मान यांवर ती चालते. पण जुन्या झालेल्या तोंडाच्या हालचाली तिनं कमी होत नाहीत, उलट वाढू शकतात. वयस्कर माणसांना तिनं लघवी अडकते, बद्धकोष्ठ होतो आणि डोकं गोंधळतं.

३१. डॉक्टरांसमोर बसल्यावर वही उघडून पहिलं वाक्य हे बोला: “डॉक्टर, औषधानं हालचाली होतायत का ते मला दाखवायचंय.” मग आकडे, मग व्हिडिओ. सावधान: “अस्वस्थ आहे”, “बरं नाही” अशा मोघम शब्दांनी सुरुवात करू नका. सांगण्याची वेळ थोडी असते, ती नेमक्या गोष्टीवर खर्च करा.

३२. रेघ मारलेली पित्ताची किंवा चक्करची गोळी आठवणीनं दाखवा आणि तिला पर्याय विचारा. हा बदल कधी कधी सगळ्यांत सोपा असतो.

३३. डॉक्टर काय बदलतात ते तिथेच लिहून घ्या. ते डोस हळूहळू उतरवतील, रिस्पेरिडोनसारखं औषध बदलून क्वेटियापिन किंवा क्लोझापिन देतील, घालमेलीसाठी प्रोप्रॅनोलॉल देतील, किंवा तोंडाच्या हालचालींसाठी टेट्राबेनाझिन सुरू करतील. सावधान: प्रोप्रॅनोलॉल लिहिलं तर दमा आहे का हे सांगायला विसरू नका. टेट्राबेनाझिन लिहिलं तर पूर्वी कधी नैराश्य आलं होतं का, ते सांगा. त्या औषधानं मन खचू शकतं.

३४. खोलीतून बाहेर पडण्याआधी विचारा: “यानंतर पहिले काही दिवस हालचाल वाढली तर काय करायचं आणि कुणाला फोन करायचा?” उत्तर त्याच पानावर लिहून घ्या.

३५. औषध बदलल्यानंतर पुढची तपासणी महिन्यानं नाही, दोन आठवड्यांनी करा. त्याच खुर्चीवर, दिवसाच्या त्याच वेळी, पायरी १ पासून. सावधान: दोन आठवड्यांत जीभ शांत झाली नाही म्हणून औषध निकामी आहे असं ठरवू नका. घालमेल आणि थरथर लवकर उतरते, पण तोंडाच्या जुन्या हालचालींना कित्येक महिने लागतात, आणि काहींच्या पूर्ण जात नाहीत, कमी होतात. अशा वेळी आकडा ३ वरून २ वर आला की तो त्यांना वहीत दाखवा.